खाट ते व्हरांडा: रुग्णांच्या हालचालीसाठी तंत्रज्ञान

रुग्णालयात दाखल झालेला माणूस, मग तो घरून स्वतःच्या पायांनी चालत आलेला का असेना, दिवसाचा बहुतेक वेळ खाटेवर पडून काढतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ वयस्क माजी सैनिकांच्या मांडीला आणि घोट्याला हालचाल टिपणारे बिनतारी सेन्सर बांधले होते. दाखल होण्यापूर्वी हे सगळे चालते-फिरते होते. तरीही रुग्णालयातला त्यांचा ८३ टक्के वेळ आडवे पडण्यात गेला. उभे राहणे आणि चालणे दोन्ही मिळून दिवसाकाठी पाऊण तासही भरले नाही.

या पडून राहण्याची किंमत शरीर फार लवकर मोजते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस खाटेवर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे मांस सुमारे एक किलोने घटले. त्यांना आजार नव्हता, ताप नव्हता, शस्त्रक्रिया झालेली नव्हती. खऱ्या रुग्णात याच्या जोडीला भूक मंदावलेली असते, अंगात दाह असतो, झोपेचे खोबरे झालेले असते. फुप्फुसाच्या तळाशी कफ साठतो, पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, पाठीला बेडसोर होतो आणि चार दिवसांनी उभे केले की रक्तदाब घसरून भोवळ येते. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत (२००३) साधारण तिघांपैकी एक जण घरी जाताना पूर्वीपेक्षा परावलंबी झालेला आढळला. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे यांपैकी आधी एकट्याला जमणारे एखादे तरी काम आता त्याला जमत नव्हते. मूळ आजार बरा झाला तरी ही हानी मागे उरते आणि ती डिस्चार्ज कार्डावर कुठेच लिहिलेली नसते.

ही जाणीव जुनी आहे. इंग्लंडमधील डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४७ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये खाटेवर पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे हलू न देण्याचा प्रघात होता. सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी १९५२ साली अशा रुग्णांना पहिल्या दिवसांतच आरामखुर्चीत बसवून तो मोडीत काढायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी शस्त्रक्रियेनंतर लवकर खाणे आणि लवकर चालणे यांची पद्धतशीर घडी बसवली. तेव्हा रुग्णाला उठवावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. त्याला रोज, न चुकता, झेपेल इतके कसे उठवावे हा खरा प्रश्न आहे आणि तंत्रज्ञानाची गरज तिथे लागते.

पट्ट्यातले रुग्ण

पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात या प्रश्नाला स्वतःचे रूप आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठ-सत्तरच्या दशकांत टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे उद्योग चाकणच्या माळावर पसरले. पहिल्या लाटेत विशी-पंचविशीत कामाला लागलेले कामगार आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचे गुडघे, खुबे, हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आता वॉर्डात दिसतात. दुसरीकडे मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेला तरुण कंत्राटी कामगार आहे. तो येतो तो पुणे-नाशिक किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर दुचाकी घसरून मांडीचे हाड मोडल्यावर, नाहीतर पॉवर प्रेसखाली बोटे सापडल्यावर. वाहनउद्योगातल्या अशा अपघातांची दखल 'सेफ इन इंडिया फाउंडेशन' २०१९ पासून आपल्या 'क्रश्ड' या अहवालांतून घेत आली आहे.

उपचारांची ठिकाणेही अशीच निरनिराळी आहेत. संत तुकारामनगरात महापालिकेचे ७५० खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, ज्याला सगळे 'वायसीएम' म्हणतात. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि त्याच संकुलातले फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, थेरगावात आदित्य बिर्ला रुग्णालय, चिंचवडच्या मोहननगरात कामगार विमा योजनेचे रुग्णालय, चाकणला ग्रामीण रुग्णालय. खाजगी रुग्णालयाच्या एकट्याच्या खोलीत जे उपकरण शोभते, ते सर्वसाधारण वॉर्डात दोन खाटांमधल्या अरुंद जागेत चालेलच असे नाही. पुढचा सगळा आढावा हा फरक ध्यानात ठेवूनच वाचायला हवा.

मोजणी आणि तिच्या मर्यादा

मनगटावरचा फिटनेस बँड किंवा खिशातला मोबाइल पावले मोजतो तो त्यातल्या अ‍ॅक्सेलरोमीटरमुळे. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला एक सूक्ष्म भार असतो. वेग बदलला की तो किंचित सरकतो आणि त्या सरकण्याचे विजेच्या संकेतात रूपांतर होते. या जातीचे सेन्सर मोठ्या प्रमाणावर बाजारात आले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मोटारींच्या एअरबॅगसाठी. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाडीत धडक ओळखणारा घटक आणि वॉर्डातल्या रुग्णाचे पाऊल ओळखणारा घटक एकाच कुळातले आहेत. एकाला गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास पट धक्का मोजायचा असतो, दुसऱ्याला जेमतेम काही पट.

अडचण त्या 'जेमतेम'मध्ये आहे. निरोगी माणसाच्या झपाझप चालीवर बेतलेले गणित रुग्णाच्या चालीवर कोलमडते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही हातांनी वॉकर धरून चालणाऱ्या बाईंचे मनगट हलतच नाही. त्या व्हरांड्यातून दोन खेपा घालून घामाघूम होऊन खाटेवर बसतात आणि बँडवर पावले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच दिसतात. सलाइनचा स्टँड ढकलणाऱ्याचे तेच, पाय ओढत चालणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णाचेही तेच. सेन्सर घोट्याला बांधला की मंद चाल बरीच अचूक मोजली जाते, असे अनेक तपासण्यांत दिसले आहे. म्हणून वॉर्डासाठी बँड घेताना 'तो घोट्याला बांधता येतो का' हा पहिला प्रश्न हवा, किंमत हा दुसरा. त्यापुढे बँड निर्जंतुक कसा करायचा, चार्जिंग कोणी करायचे, रुग्ण घरी जाताना तो परत कोण घेणार, असे साधे प्रश्न येतात. पुष्कळ प्रयोग तिथेच अडखळतात.

किती पावले पुरेत, यावरही गैरसमज आहे. रोज १०,००० पावलांचा आकडा १९६५ साली जपानमधल्या एका पावलेमोजणी यंत्राच्या विक्रीबरोबर रूढ झाला. तो रुग्णांसाठी कधीच नव्हता. इस्राएलमधील एका अभ्यासात (२०१७) दाखल असलेल्या ज्येष्ठांमध्ये दिवसाला सुमारे ९०० पावले ही एक सीमारेषा दिसून आली. त्याहून कमी चालणाऱ्यांत परावलंबित्व वाढण्याचे प्रमाण जास्त होते. रुग्णाचे पाऊल अर्ध्या मीटरहून थोडे कमी धरले तर हे अंतर सुमारे ४०० मीटर होते, म्हणजे ३० मीटरच्या व्हरांड्यात तेरा-चौदा खेपा, त्याही दिवसभरात विभागून. 'दहा हजार' ऐकून हबकणारा रुग्ण 'सकाळ-दुपार-संध्याकाळ चार-पाच खेपा' ऐकून उठू शकतो.

मोजणीचा आणखी एक प्रकार म्हणजे खाटेवरचा. गादीखालची दाब ओळखणारी चटई रुग्ण उठू लागला की गजर करते. ती बसवली जाते रुग्ण पडू नये म्हणून. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, हजारो रुग्णांवरच्या एका चाचणीत गजरांचा वापर वाढला, पण पडण्याचे प्रमाण घटले नाही. उठलो की भोंगा वाजतो आणि सिस्टर धावत येऊन पुन्हा झोपवतात, हे रुग्ण एका दिवसात शिकतो. मग तो उठतच नाही. हालचाल वाढवण्याच्या दृष्टीने हे तंत्रज्ञान उलट्या दिशेने काम करते.

आकडा दिसला की पाऊल पडते का?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या पन्नाशीपुढच्या रुग्णांच्या घोट्याला फिटबिट बांधून पाहिले. सुरुवातीच्या दिवसांत जास्त चालणारे रुग्ण लवकर घरी गेले, थेट स्वतःच्या घरी जाण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. हा निष्कर्ष फार उद्धृत होतो, पण त्यातून बँडमुळे रुग्ण बरे झाले असे निघत नाही; जे बरे होत होते ते जास्त चालत होते, एवढेच निघते. मात्र जो चालत नाही त्याच्याकडे लवकर लक्ष जावे, यासाठी असा आकडा फार उपयोगी आहे.

आकडा दाखवल्याने चालणे वाढते का, याची कडक परीक्षा 'सिरॅक्ट' या चाचणीने घेतली. ११ देशांतल्या १६ पुनर्वसन केंद्रांत पक्षाघाताच्या रुग्णांच्या दोन्ही घोट्यांना सेन्सर बांधले. एका गटाला फक्त चालण्याचा वेग सांगितला, दुसऱ्याला वेगाबरोबर दिवसभराच्या हालचालीचा तक्ताही. दोन्ही गट सारखेच चालले. २०१५ सालच्या या निकालाने पुष्कळांची निराशा केली. ऑस्ट्रेलियातील 'अमाउंट' चाचणीचा (२०२०) निकाल थोडा वेगळा आला. तिथे ३०० रुग्णांना खेळ, अ‍ॅप, सेन्सर अशा अनेक साधनांतून प्रत्येकाला जुळणारी निवडून दिली आणि फिजिओथेरपिस्टने रुग्णालयात व नंतर घरीही ती पुढे चालू ठेवून घेतली. सहा महिन्यांनी तोल सांभाळणे, खुर्चीवरून उठणे, चालणे यांत सुधारणा दिसली, पण दिवसभरातला उभे असण्याचा वेळ वाढला नाही.

या दोन निकालांतून एक गोष्ट उघड होते. नुसता आकडा निष्फळ ठरतो. तो वाचणारा, रुग्णासाठी उद्दिष्ट ठरवणारा आणि उद्या ते बदलणारा प्रशिक्षित माणूस जोडीला असेल तरच त्याचा उपयोग होतो. पट्ट्यातल्या कामगाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. असेंब्ली लाइनवरच्या फलकावर दर तासाचे टार्गेट आणि प्रत्यक्ष झालेले उत्पादन शेजारी शेजारी लिहिलेले असते. पण फलकामुळे उत्पादन वाढत नाही, आकडा कमी पडला की सुपरवायझर येऊन अडचण विचारतो म्हणून वाढते. खाटेच्या डोक्याशी लावलेल्या तक्त्याचेही असेच आहे.

उलट बाजूने पाहिले तर सेन्सर आणि पडद्याशिवायही फार काही साधते. स्पेनमधील पाम्प्लोना इथे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३७० अतिवृद्ध रुग्णांपैकी अर्ध्यांना दाखल असतानाच दिवसातून दोनदा चालणे, तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम दिले. नेहमीचे उपचार घेणारे डिस्चार्जपर्यंत खालावले, व्यायाम करणारे सावरले. तिथला भर पावलांच्या आकड्यावर नव्हे, रोजच्या व्यायामावर होता. यंत्राची खरेदी करू पाहणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने हा निकाल आधी वाचावा.

चमकदार गोष्ट आणि गुणकारी गोष्ट यांत अंतर असते, याचे जवळचे उदाहरण म्हणजे तीन चेंडूंचे स्पायरोमीटर. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात जवळजवळ प्रत्येक टेबलावर हे प्लॅस्टिकचे यंत्र असते. नळीतून श्वास आत ओढला की पहिला चेंडू सेकंदाला ६०० घनसेंटिमीटरला, दुसरा ९००ला आणि तिसरा १,२००ला वर जातो. रुग्ण स्वतःशीच पैज लावतो, शेजारच्या खाटेशी स्पर्धा करतो, नातू आजोबांना 'तिसरा उचला' म्हणतो. वीज नाही, अ‍ॅप नाही, तरी रुग्णाला दर खेपेस निकाल डोळ्यांसमोर दिसतो. वॉर्डातले हे सर्वांत रुळलेले प्रोत्साहनयंत्र म्हणता येईल. पण पोटाच्या वरच्या भागातल्या शस्त्रक्रियांनंतर केवळ त्याने फुप्फुसाचे विकार टळतात याचा पुरावा, वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांना, कमकुवतच वाटला आहे. चेंडू उचलणाऱ्याला खाटेवरून उठवायचे काम तरीही उरतेच.

खेळ

व्यायाम कंटाळवाणा असतो, खेळ नसतो, या विचारातून २००६ साली आलेले निन्टेन्डो वी आणि २०१०चे कायनेक्ट हे अंगाच्या हालचालीने खेळायचे व्हिडिओ गेम पुनर्वसन केंद्रांत शिरले. पडद्यावरचा चेंडू मारण्यासाठी रुग्ण लकवा झालेला हात उचलतो, तोल सांभाळत बाजूला झुकतो. पण २०१६ सालच्या 'एव्हरेस्ट' चाचणीत पक्षाघाताच्या १४१ रुग्णांपैकी अर्ध्यांना वी दिले आणि उरलेल्यांना पत्ते, ठोकळे, बिंगो, चेंडू असे साधे खेळ, तितकाच वेळ. हाताची सुधारणा दोन्हीकडे सारखी झाली. महागड्या पडद्याऐवजी कॅरम आणि पत्ते ठेवूनही वॉर्डाला तोच लाभ मिळू शकतो, असा याचा सरळ अर्थ आहे. अट एवढीच की त्या खेळाला ठरलेला वेळ आणि ठरलेला हात असावा.

खेळाने रुग्ण खाटेबाहेर येतो, ही कल्पना व्हिडिओ गेमपेक्षा कितीतरी जुनी आहे. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी खेळ हाच उपचाराचा भाग केला. २९ जुलै १९४८ रोजी तिथे १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली आणि त्या रोपट्याचे पुढे पॅरालिम्पिक झाले. या परंपरेचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे नाव मुरलीकांत पेटकर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या पेटकरांच्या पोहण्याची सुरुवात उपचाराचा भाग म्हणून झाली. १९७२ साली हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवले. पुढे त्यांनी टेल्कोत नोकरी केली. पुण्यातच, खडकीला, जखमी सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे आणि व्हीलचेअरवरचे खेळ तिथल्या दिनक्रमात आहेत.

बोटे चिरडलेल्या प्रेसकामगाराच्या बाबतीत मात्र पावलांचा हिशेब निरुपयोगी ठरतो. तो दिवसभर वॉर्डात फिरतो, पण हात छातीशी आवळून धरतो आणि सांधे आखडतात. त्याला मोजायची असते ती मूठ किती वळली, बोट किती उघडले, चिमटीत किती जोर आला हे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून घडवलेले 'प्लुटो' हे हाताच्या व्यायामाचे यंत्र या गरजेच्या जवळ जाते. एकाच मोटरीवर वेगवेगळ्या मुठी बसवून ते मनगट आणि बोटांचे व्यायाम खेळाच्या रूपात करून घेते. मेंदूच्या विकारांतल्या हातासाठी ते घडवले असले, तरी कारखान्यांच्या पट्ट्यातल्या फिजिओथेरपी विभागांनी पडताळून पाहावी अशी ही वाट आहे. अद्ययावत यंत्रसामग्री आणि कुशल हात इथे कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. अशी साधने इथेच घडायला हवीत.

कोविडमधली सहा मिनिटे

तंत्रज्ञान आणि चालणे यांची गाठ या पट्ट्यात सर्वांत मोठ्या प्रमाणावर पडली ती कोविडच्या काळात. २०२० साली नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जंबो रुग्णालय उभे राहिले, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्येही खाटा टाकल्या गेल्या. त्याच सुमारास घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आले. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४च्या सुमारास शोधलेले हे तंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून रक्तातला प्राणवायू मोजते.

राज्याच्या आरोग्य खात्याने सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीचा प्रचार केला. ऑक्सिजनची पातळी आधी पाहायची, बोटात यंत्र तसेच ठेवून घरातल्या सपाट फरशीवर सहा मिनिटे चालायचे, जिना चढायचा नाही. पातळी ९३च्या खाली गेली किंवा तीनहून अधिक अंकांनी घसरली तर रुग्णालय गाठायचे. साठीपुढच्यांनी तीन मिनिटे चालले तरी चालेल, अशी सवलत होती. ही चाचणी फुप्फुसविकारतज्ज्ञांची जुनी, ३० मीटरच्या व्हरांड्यात करायची. तिचे घरगुती रूप असंख्य कुटुंबांनी भराभर आत्मसात केले. शिकलेल्या-न शिकलेल्यांनी, बैठ्या चाळीपासून सोसायटीपर्यंत, ते केले. त्यामागे तीन गोष्टी होत्या: एकच आकडा, त्याची ठळक सीमा आणि सीमा ओलांडली तर काय करायचे याची सूचना. पावले मोजणाऱ्या बहुतेक अ‍ॅप्समध्ये पहिली गोष्ट असते, उरलेल्या दोन नसतात. हृदय आणि फुप्फुसाच्या रुग्णांना वॉर्डात चालवताना ऑक्सिमीटरचा हाच उपयोग आजही होऊ शकतो. चालताना पातळी टिकते आहे हे दिसले की दम लागण्याची भीती कमी होते.

किती, कधी आणि कोणाला नाही

लवकर उठवणे चांगले, म्हणून फार लवकर आणि फार जास्त उठवणे अधिक चांगले, हा तर्क दोन मोठ्या चाचण्यांनी खोटा ठरवला. 'अ‍ॅव्हर्ट' चाचणीत (२०१५) पाच देशांतल्या २,१०४ पक्षाघाताच्या रुग्णांपैकी काहींना पहिल्या २४ तासांतच, अधिक वेळ आणि अधिक वेळा उभे केले. तीन महिन्यांनी त्यांतले ४६ टक्के चांगल्या स्थितीत होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले ५० टक्के. पुढच्या विश्लेषणात थोडा थोडा वेळ, पण वारंवार हलवणे हेच हितकर दिसले. 'टीम' चाचणीत (२०२२) व्हेंटिलेटरवरच्या ७५० रुग्णांपैकी अर्ध्यांना नेहमीपेक्षा जास्त हालचाल दिल्यावर फायदा झाला नाही, उलट रक्तदाब घसरणे, हृदयाची लय बिघडणे असे प्रसंग वाढले. याउलट २००९ सालच्या एका चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना औषधाची गुंगी थांबवून लवकर फिजिओथेरपी दिली, तेव्हा घरी जाताना स्वावलंबी असणारे ५९ टक्के होते. न दिलेल्यांत ३५ टक्के. प्रमाण आणि वेळ यांचा हा सगळा खेळ आहे. स्थिर न झालेले हाडाचे किंवा मणक्याचे फ्रॅक्चर, हृदयविकाराचे पहिले तास, घसरता रक्तदाब अशा वेळी पडद्यावरचे 'आज तुमचे उद्दिष्ट अपूर्ण आहे' हे वाक्य घातक ठरते. रुग्णासाठीच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये उद्दिष्ट वाढवण्याचा अधिकार यंत्राकडे असू नये. तो डॉक्टर-फिजिओकडेच राहावा.

उठवणार कोण

रुग्ण पडला तर नोंद होते, चौकशी होते, नातेवाईक जाब विचारतात. रुग्ण पडून राहिला तर कोणी काही विचारत नाही. पडण्याचा धोका तपासणे रुग्णालयांच्या एनएबीएच मानांकनात आहे आणि ते योग्यच आहे. पण एकाच बाजूचा हिशेब ठेवल्याने कर्मचाऱ्यांना रुग्ण झोपलेला बरा वाटतो. यावर उपाय म्हणून जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने आठ पायऱ्यांची हालचालपट्टी रूढ केली: पडून असणे ही पहिली, खाटेच्या कडेला बसणे तिसरी, मिनिटभर उभे राहणे पाचवी, सुमारे ७५ मीटर किंवा अधिक चालणे आठवी. रुग्णाने आज गाठलेली सर्वांत वरची पायरी सिस्टर लिहितात. ताप आणि रक्तदाबाच्या शेजारी हा एक अंक आला की सकाळच्या राउंडला डॉक्टर तो विचारू लागतात. यासाठी खडू-फळा पुरतो. रुग्णालयाची संगणकप्रणाली असेल तर तोच अंक तिथे भरता येतो आणि दोन दिवस अंक न वाढलेल्या रुग्णांची यादी आपोआप फिजिओकडे जाऊ शकते. माफक खर्चात सर्वाधिक काम करणारे तंत्रज्ञान बहुधा हेच.

इथल्या वॉर्डांत एक मनुष्यबळ मात्र भरपूर आहे. डबा आणणारी, रात्री खाटेखाली चटई टाकून झोपणारी नातेवाईक मंडळी रुग्णाला हाताला धरून नेऊ शकतात. पण त्यांच्यावरच सगळे सोपवून चालत नाही, हे 'अटेंड' या भारतीय चाचणीने दाखवले. देशातल्या १४ रुग्णालयांतील पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांपैकी अर्ध्यांच्या नातेवाइकांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. नातेवाइकाच्या मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवून मोकळे होणाऱ्या रुग्णालयांनी २०१७ सालचा हा निकाल ध्यानात घ्यावा. नातेवाइकाच्या हाती खेपांचा तक्ता, दिवसातून एकदा तो पाहून उद्याची खेप ठरवणारा फिजिओ, आणि 'चक्कर, छातीत दुखणे, धाप' यांपैकी काही झाले तर थांबून सिस्टरला बोलावण्याची सूचना, अशी जोडणी झाली तरच त्या हातांचे चीज होते. एकट्या राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराजवळ तर रूममेट कामावर गेला की कोणीच नसते. त्याच्यासाठी हिंदीत बोलणारे साधे स्मरण, ठरल्या वेळी वाजणारे, खरोखर कामाचे आहे. ज्येष्ठांसाठी तेच मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि शक्यतो आवाजात हवे.

कामावर परत

तरुण कामगाराला चालते व्हायचे असते ते कामावर जाण्यासाठी. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना लागू असणाऱ्या राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवस मिळतो. कामावरच्या अपघातात तात्पुरत्या अपंगत्वासाठी ९० टक्के. मांडीचे हाड जुळायला जो काळ लागतो, त्याच्याशी ९१ दिवसांची मुदत अगदी खेटून येते. रुग्णालयातले पहिले दिवस पडून गेले तर पुढचे सगळे गणित चुकते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली, रुग्ण आधाराशिवाय किती मीटर चालतो, किती वेळ उभा राहतो, किती पायऱ्या चढतो हे लिहून द्यावे. बाहेरचा फिजिओ तिथून पुढे सुरुवात करेल.

त्याच कामगाराच्या घोट्यावरच्या सेन्सरची माहिती कोणाची, हा प्रश्न या पट्ट्यात विशेष टोकदार आहे. रुग्ण किती चालला हे मालकाला किंवा कंत्राटदाराला कळले तर त्याची रजा, भरपाई आणि नोकरी यांवर परिणाम होऊ शकतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती घेण्यापूर्वी स्पष्ट संमती आवश्यक केली आहे आणि ती ठरलेल्या कारणापुरतीच वापरावी असे म्हटले आहे. खर्च कंपनीच्या आरोग्य विम्यातून होत असला, तरी पावलांची नोंद उपचार करणाऱ्यांपुरती ठेवावी. फिटनेसचा दाखला डॉक्टरांनी तपासून द्यावा, अ‍ॅपचा आलेख त्याला जोडू नये. बँड परत घेताना त्यातली माहिती रुग्णासमोर पुसावी आणि संमतीपत्र त्याला वाचता येईल त्या भाषेत असावे.